मांजरा यानाचं मागचं दार

"दार कुठंय?"

सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. या, बसा नाही, कुठल्या गावचा नाही, काही नाही. तीन आठवडे खपून मी ते अंतराळयान काढलं होतं. चंदेरी, निमुळतं, बगळ्याच्या चोचीसारखं पुढं गेलेलं. मोठ्या ड्रॉइंग शीटवर, एकेक रेघ पट्टी लावून. सरांनी शीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, नाकाला टेकेल इतकं जवळ धरलं. मग उलटं करून कोऱ्या बाजूलाही बघितलं.

"सर, हे अंतराळात जाणारं यान आहे," मी म्हणालो. "तिथं दार उघडून करायचंय काय?"

"हाव, बरोबर," सर म्हणाले. "मग ही माणसं आत गेली कशी?"

मी खरंच दार विसरलो होतो. इंजिनं होती, पंख होते, नळकांडी होती, कप्तानाच्या खोलीला गोल खिडकीसुद्धा होती. पण आत जायला आणि बाहेर यायला दारच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याचा रागही आला.

सर म्हणजे लातूरच्या एका तंत्रशाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर. पण आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांना ते मास्तर म्हणून नाही, 'मांजरा'चे लेखक म्हणून ठाऊक होते. 'मांजरा' ही त्यांची पुस्तिकांची मालिका. पातळ कागद, दोन रंगांचं मुखपृष्ठ. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीला टांगलेली असायची. मी लोह्याचा. आमचे मामा नांदेडला गेले की माझ्यासाठी न चुकता नवा अंक आणायचे, आणि मी तो जेवताना मांडीवर ठेवून वाचायचो, आईची बोलणी खात.

मांजरा हे यानाचं नाव. आपली नदी, तेच नाव. त्याच्याबरोबरची छोटी यानं तेरणा आणि मन्याड. कप्तान निलंग्याकडचा, रागावला की कानडीत बोलायचा. आणि यान कसलं, आपल्याकडचं घरच होतं ते. चार हात जाड भिंती, एवढ्याएवढ्याशा खिडक्या, आत धान्याचं बळद, वर मातीचं जड सपाट छत, म्हणजे माळवद. संध्याकाळी सगळे खलाशी माळवदावर बसून गार वाऱ्याला गप्पा मारायचे. अंतराळात वारा कुठला, हे आम्ही कधी विचारलं नाही. भिंती जाड का, तर बाहेर ऊन लई, असं कप्तान सांगायचा. आम्हाला ते सोळा आणे पटायचं.

चाळीस अंक निघाले. मग भूकंप झाला आणि मालिका बंद पडली. का बंद पडली ते कुणी विचारलं नाही. त्या वर्षी इतकं काही बंद पडलं होतं की एका गोष्टीच्या पुस्तकाचं काय घेऊन बसता!

पुढं काही वर्षांनी लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. जिथं ज्वारी उभी असायची तिथं होस्टेलं आली. हदगाव, देगलूर, कुठकुठची पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन यायला लागली. त्यातल्याच एका क्लासमध्ये मी नोट्ससाठी आकृत्या काढायचो. बेडकाची पचनसंस्था मी इतक्या वेळा काढली की मला डोळे मिटून बेडूक दिसायचा. क्लासचे संचालक सरांचे शाळेतले विद्यार्थी, आणि 'मांजरा'चे पक्के भक्त. भूकंपानंतर सरांना लातुरात भाड्याची खोली त्यांनीच बघून दिली होती. एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं की 'मांजरा' पुन्हा सुरू करायचं. नव्या पोरांसाठी, नव्या रूपात. प्रत्येक अंकाच्या शेवटी भौतिकशास्त्राचे दहा प्रश्न. लेखन सरांचं, चित्रं माझी. "यान मात्र एकदम मॉडर्न पाहिजे," ते मला म्हणाले. "ते गढीसारखं नको. पोरं हसतील."

मी लगेच हो म्हणालो. माझी धाकटी बहीण नंदा त्याच क्लासला होती, मेडिकलची तयारी करत. मी तिथं कामाला म्हणून तिला सवलतीत प्रवेश मिळाला होता. संचालकांना नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

सरांनी मात्र माझी झोप उडवली. भूकंपानंतर त्यांनी यानाचे सगळे नियम बदलून टाकले होते. भिंत बोटभर जाडीच्या वर नको. डोक्यावर जड काही नको. कुठल्याही दारासमोर एक चिमूटभर सामान नको. आणि सगळ्यात वर, नऊ पावलांचा नियम. कुणीही जिथं झोपतो किंवा बसतो, तिथून दार नऊ पावलांच्या आत. दहावं पाऊल चालणार नाही. मी म्हणालो, सर, असं केलं तर यानाचं एसटी स्टँड होईल, जिकडं तिकडं फाटकंच फाटकं.

"होऊ दे. स्टँडात कुणी दबून मेल्याचं ऐकलंस का?"

मी नवीन शीट घ्यायचो, खोडरबर संपवायचो. ते पाटावर पाण्याचा ग्लास ठेवून पाण्याकडं बघत बसायचे. पाणी जरा हललं की बोलता बोलता थांबायचे. समोरून ट्रक गेला असायचा. ट्रक गेला हे मी सांगायचो, मग ते "हाव, ट्रकच" म्हणायचे आणि पुढचं बोलायचे. पण त्या मधल्या क्षणात त्यांचा चेहरा असा व्हायचा की मीही हातातली पेन्सिल खाली ठेवायचो.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. कुठल्याही इमारतीत शिरताना उंबऱ्यावर थबकायचे आणि दुसरं दार शोधायचे. नाही दिसलं तर आत यायचेच नाहीत. देवळात गाभाऱ्यात जायचे नाहीत, देवाला रस्त्यावरूनच हात जोडायचे. लग्नात मांडवाच्या कडेला उभ्यानं जेवायचे. एकदा डॉक्टरकडं गेले तर त्या बिचाऱ्यालाच बाहेर यायला लावलं आणि पायरीवर बसून छाती तपासून घेतली. झोपायचे ओट्यावर, बारा महिने, थंडीत तीन गोधड्या घेऊन. लोक म्हणायचे, मास्तरांचं डोकं फिरलं. मीही म्हणायचो. खोटं कशाला बोलू?

संचालकांनी स्थानिक पेपरात जाहिरात दिली, माझ्या नव्या यानाचं चित्र छापून. आठवड्यात पोस्टकार्डांचा ढीग. जुने वाचक पेटलेच! 'माळवद काढलं तर खलाशी संध्याकाळी बसणार कुठं?' 'पत्र्याचं शेड आकाशात पाठवता काय?' हदगावच्या एका गृहस्थांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की बळद काढल्यावर कप्तान ज्वारी कशात ठेवणार, कृपया खुलासा व्हावा. मला हसू आवरेना. सरांनी एकेक कार्ड वाचलं, नीट चळत केली आणि म्हणाले, "ह्यांना जाड भिंत आवडते. मलाबी आवडायची."

लेखनाचं मानधन त्यांनी घेतलंच नाही. एकच अट घातली. क्लासच्या मोठ्या हॉलला मागच्या बाजूनं दुसरं दार पाडायचं.

आमचा तो हॉल म्हणजे लांबच लांब बोगदा. रस्त्याच्या बाजूला एकुलतं एक दार. सरस्वतीचं मंदिर म्हणून पोरांना चपला बाहेर काढायला लावायचे, त्यामुळं दारातच चपलांचा हा डोंगर. पोरं खच्चून भरलेली. नंदाचा प्रवेश उशिरा झाला म्हणून तिचा नंबर अगदी मागच्या भिंतीजवळ लागला होता. सरांनी अट घातली त्या दिवशी मी हॉल रिकामा असताना तिच्या बाकापासून दारापर्यंत चालून बघितलं. चौतीस पावलं. तीही मधे कुणी नसताना.

मला भीती वाटायला लागली. त्या दिवसापासून नंदा क्लासला गेली की माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. आकृती काढता काढता मी टेबलावरच्या ग्लासाकडं बघायला लागलो, तेव्हा कळलं की सरांची लागण मला झाली.

संचालक माणूस वाईट नव्हता. त्यांची अडचण वेगळीच होती. "सर, दुसरं दार केलं तर पोरं एका दारानं हजेरी लावतील आणि दुसऱ्यानं चहाच्या टपरीवर जातील," ते म्हणाले. "पालक माझ्याकडं पोरगं देतात ते एकच दार आहे म्हणून."

"बघ बाबा," सर म्हणाले. "दार न्हाई तर यान न्हाई."

"करू सर. प्रकाशनाआधी दार तयार असेल. शब्द देतो."

मग मला केबिनमध्ये बोलावलं. दार बंद करून म्हणाले, "सरांचं समाधान झालं पाहिजे. तू मागच्या भिंतीवर यानाचं दार रंगव. असं रंगव की खरंच वाटलं पाहिजे. कार्यक्रम होऊ दे, पुढचं पुढं बघू."

मी काय केलं असेल? रंगवलं! नोकरी होती, बहिणीची सवलत होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हौस होती. ऑइलपेंटमध्ये, माणसाच्या उंचीचं, पोलादी चौकट, रिव्हेटा, कडी, कडीची सावली. फटीतून आत येणाऱ्या उजेडाची एक पिवळी रेघ ओढली तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र. ते सांगताना आजही लाज वाटते.

प्रकाशनाच्या दिवशी सर धुतलेला पांढरा सदरा घालून आले. नेहमीसारखे उंबऱ्यावर थबकले. समोर, हॉलच्या त्या टोकाला, त्यांना दार दिसलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"केलंस?" ते संचालकांना म्हणाले. "केलंस रे!"

आणि ते आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असल्या बंद हॉलमध्ये. बाकांच्या मधून ओठ हलवत, पावलं मोजत चालत गेले. नंदाच्या बाकाशी पोचले तेव्हा ती उठून उभी राहिली, तर म्हणाले, "बस बेटा, बस, अभ्यास कर." मी पुढं धावायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. मी हारांचं ताट धरून खांबाशी उभा राहिलो.

त्यांनी कडीला हात घातला. आदल्या दिवशीचा रंग, अजून वाळला नव्हता. पंजा भिंतीवर सपकन चिकटला.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. पोरंच ती, त्यांना काय माहीत! सरांनी हात काढून स्वतःच्या तळव्याकडं बघितलं. चंदेरी झाला होता. मग वळून त्यांनी मला शोधलं. संचालकांकडं बघितलंही नाही.

"छान काढलंय," ते म्हणाले.

तसेच चालत बाहेर निघाले. दारात चपलांच्या ढिगात पाय अडकला, तोल गेला, चौकट धरून सावरले. चौकटीवर पण चंदेरी बोटं उठली. तो कार्यक्रम पुढं कसा झाला ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बॅचला हॉलच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, बाभळीच्या झुडपांत, सर खुर्ची टाकून बसलेले. डोक्यावर छत्री, मांडीवर लोखंडी पहार. संचालक धावत गेले.

"सर, हे काय करून राहिले तुम्ही?"

"बसलोय. आत पोरं हायत तोवर बसणार. काय झालं तर बाहेरून फोडीन."

"लोक हसून राहिले सर."

"हसू दे की."

दोन दिवस बसतील आणि कंटाळतील, असं संचालकांना वाटलं. सर दोन आठवडे बसले. ऑक्टोबरचं ऊन, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. पोरं येता जाता डोकावून जायची. मी त्या बाजूला फिरकलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

मग एक दिवस नंदा जेवताना म्हणाली, "दादा, भिंतीच्या पलीकडनं सर खोकतात ना, ते मला ऐकू येतं. मला लई बरं वाटतं."

मी ताट बाजूला सारलं. मी थर्मासमध्ये चहा भरला आणि गेलो. सरांनी चहा घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं. मग आपणहून बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"एकेचाळिसावा अंक छापून आला होता. विकायचा राहिला. गठ्ठे ठेवायचे कुठं? आमचं गावाकडचं घर, मागचं दार तसं कुणी वापरत नव्हतं. मीच रचले दाराला लावून. ही म्हणाली, अहो, दार अडलं की. म्हटलं, गणपती होऊ दे, हलवतो."

गणपती बसवून विसर्जन झालं आणि त्याच रात्री पहाटे भूकंप झाला, हे लातुरात कुणाला सांगावं लागत नाही.

"मी पुढं ओसरीवर होतो. बाहेर पडलो. पुढची भिंत बसलेली, म्हणून मागं पळालो. दार आत उघडणारं, त्याला गठ्ठे. रेटून रेटून एवढंच उघडलं." त्यांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून दाखवलं. "इथवर हात गेला. तिचा हात लागला. धरला मी. मग माळवद आलं."

मी थर्मासचं झाकण लावलं.

"पलंगापासून दार नऊ पावलं," सर म्हणाले. "नंतर मोजली मी."

पुढचं सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी तेवढंच राहील. माझी नोकरी गेली. नंदाची सवलत मात्र संचालकांनी काढली नाही, आणि भिंतीला लोखंडी चौकट त्यांनीच उभं राहून बसवून घेतली. पोरं त्या दारातून चहाच्या टपरीवर जातात, अगदी त्यांनी सांगितलं होतं तस्संच. नवं 'मांजरा' सात अंक निघालं आणि बंद पडलं. त्यातलं यान पत्र्याच्या शेडसारखंच दिसायचं. त्याला इतकी दारं होती की मला मोजायचा कंटाळा यायचा. सर शेवटपर्यंत ओट्यावरच झोपले. नंदा डॉक्टर झाली नाही. ती उमरीला शाळेत शिकवते आणि तिच्या वर्गाच्या दारात दप्तर ठेवलेलं तिला चालत नाही.

आता तो रविवार.

सोमवारी पालकांची सभा होती. चित्रावरचा पंजा पुसून दार नीट कर, असं संचालकांनी मला सांगितलं होतं. रविवारी हॉल अभ्यासाला उघडा असायचा. दहाबारा पोरं होती, नंदा आपल्या बाकावर. पोरं आत होती म्हणून पलीकडं सरही होते. खोकला ऐकू येत होता. मी रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि त्या पंजावर नेला. पाच बोटं, तळव्याच्या रेघासुद्धा उठलेल्या. मला ते पुसवेना.

ब्रश डब्यात टाकला, हॉलच्या त्या चौतीस पावलांतून बाहेर आलो, चपलांचा डोंगर ओलांडला, वळसा घालून मागं गेलो.

"सर, पहार द्या."

"कशाला?"

"दार करायचं राहिलंय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. पहार दिली. "ही भिंत नुसती पडदी हाय, भार घेत न्हाई," ते म्हणाले. ड्रॉइंग मास्तर ते, दोन आठवड्यांत सगळी भिंत वाचून काढली असणार. "कॉलम सोडून मार. छातीच्या उंचीवर. आतून मार, म्हणजे विटा माझ्याकडं पडतील. पोरांवर नको."

"तुम्ही बाजूला व्हा मग."

"होतो. मार तू."

आत येऊन पोरांना लांब उभं केलं, नंदा मात्र आपल्या बाकावरच बसून राहिली, आणि मी पहिला घाव घातला, बरोबर पंजाच्या शेजारी. प्लास्टर उडालं. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र, त्याची कडी गेली, सावली गेली, ती पिवळ्या उजेडाची रेघ गेली. कुणी रडत होतं बहुतेक, मीच असेन. पाचव्यासहाव्या घावाला एक वीट पलीकडं पडली, मग दुसरी, मग तिसरी, आणि खरा उजेड आत आला. धूळ उसळली. सगळे खोकायला लागले.

त्या भोकातून सरांचा हात आत आला. मनगटापर्यंत नाही, पार दंडापर्यंत. बोटं पसरलेली, हवेत काहीतरी शोधत होती.

माझ्या हातात पहार, मला सुचलंच नाही. नंदा बाकावरून उठली, चालत आली आणि तिनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"किती?" पलीकडून आवाज आला.

"काय सर?"

"पावलं, बेटा. किती झाली?"

"सहा, सर."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही, आणि तिनंही सोडला नाही.